कातळावरचं अंगण, दिवसभर ऊन. लॉन नको आणि उन्हाळ्यात पाणी कमी, तर काय लावावं?

मागच्या बाजूला पांढरा चाफा, कण्हेर, बोगनवेल आणि पुढे सदाफुली, कोरफड लावा. मधली जागा जांभ्याच्या (तांबड्या कातळ-दगडाच्या) खडीने भरा. कोकण किनारपट्टीवर खरी अडचण मेची नाही, जुलैची असते. पावसाळ्यात ३००० मिमीच्या आसपास पाणी पडतं आणि कातळात खणलेला खड्डा हौदासारखा भरून राहतो. मग आधी पानं पिवळी, नंतर बुंधा मऊ. म्हणून २ फूट लांब-रुंद-खोल खड्ड्याला उताराकडे चर फोडाच. कातळ फुटत नसेल तर चिऱ्याचा (जांभ्याच्या कापीव दगडाचा) एक थर रचून ९ ते १२ इंच उंच वाफा करा. भरायला २ भाग माती, १ भाग बारीक खडी, १ भाग कुजलेलं शेणखत. कोरफड सगळ्यात उंच जागी, पागोळ्यांपासून लांब, आणि तिला शेणखत जवळजवळ नकोच. चाफ्याची फांदी कापून आठवडाभर सावलीत सुकवा. ओल्या चिकासकट लावली की सडते. सदाफुली जोराच्या पावसात बसते, पण बी पडून पुन्हा उगवते, तिची काळजी नको.

नोव्हेंबरात बुडाशी नारळाची सोडणं (वरची काथ्याची सालं) पालथी मांडा, ओल टिकते. पहिले दोन उन्हाळे मात्र आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी द्यावंच लागेल.

कण्हेर पानाफुलांसकट विषारी आहे. दारात गुरं किंवा लहान मुलं असतील तर ती वगळा आणि बोगनवेलच वाढवा. सदाफुलीही तोंडात जाणार नाही हे बघा.