नॅनो औषध रक्तात सोडलं की थेट पेशीत जातं का?

थेट नाही जात. नॅनो औषध म्हणजे औषध भरलेला अतिसूक्ष्म कण. आधी रक्तातली प्रोटीनं त्या कणाला चिकटतात, अगदी काही सेकंदांत, या थराला प्रोटीन कोरोना म्हणतात आणि पुढे पेशींची गाठ पडते ती या थराशी, लॅबमध्ये बनवलेल्या मूळ कणाशी नाही. म्हणूनच लॅबच्या डिशमध्ये वाढवलेल्या पेशींवर मस्त चाललेलं बरंच काही शरीरात फसतं. बहुतेक कण लिव्हर आणि प्लीहेतल्या पेशी गिळून टाकतात, फारच बारीक म्हणजे साधारण ५-६ नॅनोमीटरच्या खालचे असतील तर किडनीतून लघवीवाटे बाहेर.

१९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या डॉक्सिलमध्ये लिपिडच्या (चरबीसारख्या पदार्थाच्या) कणावर पेग नावाच्या पॉलिमरचं आवरण दिलं, त्यामुळे प्रोटीनं कमी चिकटतात आणि कॅन्सरचं औषध रक्तात जास्त वेळ फिरतं. पण मला खरं भारी वाटतं ते २०१८ मध्ये मंजूर झालेलं ऑनपॅट्रो, म्हणजे लिपिडच्या कणात भरलेलं आरएनएचं औषध, तिथे हे चिकटणंच कामी येतं, रक्तातलं एपीओई प्रोटीन कणावर बसतं, लिव्हरच्या पेशी ते ओळखून कण आत ओढून घेतात, मग ज्या पिशवीत तो अडकतो तिथे आम्ल वाढलं की लिपिडवर पॉझिटिव्ह चार्ज येतो, पिशवीचं आवरण फाटतं नि थोडासा आरएनए बाहेर पडतो, बाकीचा बराच वाया जातो. फायझर, मॉडर्नाच्या कोविड लसींतही असंच चार्ज होणारं लिपिड आहे.