पाणी उकळून नायट्रेट जात नाही

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. वरच्या अंगाला हजारो जनावरांचा प्रकल्प येतोय आणि 'मधल्या पाणथळीत सगळं गाळून निघेल' असं प्रकल्पवाले म्हणतात, ते खरं का? आणि विहिरीचं पाणी उकळून प्यायलं तर भागेल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट, म्हणजे शेण-मूत्रातून आणि खतांतून पाण्यात विरघळणारं नायट्रोजनचं संयुग, जागच्या जागी राहतं. उलट वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतंच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं पावडरचं दूध अशा पाण्यात कालवलं, तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होऊन बाळ निळं पडू शकतं. शेवाळाच्या विषाचंही तसंच. २०१४च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलीडो शहरात चार लाखांवर लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनही नको, असं सांगावं लागलं होतं. शेतांतून ईरी सरोवरात वाहून आलेल्या फॉस्फरसवर ते निळं-हिरवं शेवाळ पोसलेलं होतं. नायट्रेटसाठी आरओ चालतो, नुसता कोळशाचा फिल्टर नाही.

आता पाणथळ. प्रकल्पवाले सांगतात ते अर्धं खरं आहे. तळच्या काळ्या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. पण त्यासाठी पाणी तिथे मुरावं, रेंगाळावं लागतं. मोठ्या पावसाचा लोंढा काही थांबत नाही. आणि फॉस्फरसला हवेत जायची वाटच नाही, तो गाळात बसतो. वर्षानुवर्षं साचून गाळ भरला, किंवा पाण्यातला प्राणवायू संपला, की तोच गाळ साठवलेलं परत सोडायला लागतो. म्हणजे आज आपली बाजू घेणारी पाणथळ उद्या स्वतःच प्रदूषणाचा उगम होते. शेणकाला थेट आत आला तर इतकीही वाट पाहावी लागत नाही, एका रात्रीत मासे उलटे तरंगतात. शिवाय जमीन रेताड असेल तर नायट्रेट पाणथळीला शिवतही नाही, खालून झिरपत सरळ विहिरीत उतरतं. गाळणी हवीच असेल तर प्रकल्पाने आपल्या हद्दीत कृत्रिम पाणथळ बांधावी, तीही प्रक्रिया झालेल्या पाण्यासाठी.

प्रकल्पाच्या सुनावणीत म्हणून एकच गोष्ट धरून बसा: शेण जाणार कुठे? रोज किती निघेल, त्यात नायट्रोजन-फॉस्फरस किती, ते पसरायला जमीन किती, आणि पावसाळ्यात जमीन ओली असताना किती महिने साठवता येईल? हा हिशोब कागदावर नसेल तर बाकीच्या रंगीत नकाशांना अर्थ नाही. शेणाचं सगळं नीट करूनही गडबड होऊ शकते, हेही लक्षात असू द्या. कॅनडातल्या वॉकरटनला मे २००० मध्ये जोराच्या पावसानंतर शेणातले जंतू गावच्या उथळ विहिरीत उतरले. सात माणसं गेली, दोन हजारांवर आजारी पडली. शेण टाकणाऱ्या शेतकऱ्याने वावगं काही केलं नव्हतं, असं चौकशीत निघालं. विहीर चुकीच्या जागी होती आणि क्लोरिनकडे दुर्लक्ष झालं होतं.

माझा स्वतःचा अनुभव पाणी तपासणीतला. एका गावचे लोक प्रकल्प सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावर कोल्ड्रिंकच्या बाटलीत पिवळट पाणी घेऊन आले होते. नायट्रेट भरमसाट निघालं. समोरच्यांनी शांतपणे विचारलं, 'आधी किती होतं?' गावाकडे आधीचा एकही अहवाल नव्हता. प्रकरण तिथेच बसलं.

तेव्हा नमुने आत्ताच घ्या, काम सुरू व्हायच्या आधी: ओढ्याचा वरचा भाग, पाणथळीत शिरतं तिथे, बाहेर पडतं तिथे, आणि दोन-तीन विहिरी. एकदा उन्हाळ्यात, एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर. नायट्रेटची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र अजिबात विसळू नका. दोन्ही बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. अहवाल हातात आला की आकड्याआधी एकक बघा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. पण काही प्रयोगशाळा 'नायट्रेट-नायट्रोजन' लिहितात, त्याला ४.४३ने गुणावं लागतं. तिथे १२ दिसले म्हणून निर्धास्त झालेले लोक मी पाहिलेत. ते ५३ असतात.