घोडा नाही, जंतू निवड

(फोंड्याहून बारावी विज्ञान शाखेतली एक विद्यार्थिनी लिहिते: मामा पुण्याजवळ एका स्टड फार्मवर, म्हणजे घोड्यांची पैदास करतात तिथे, कामाला आहे. तिथलं शिंगरू हगवणीने गेलं. औषधं लागूच पडली नाहीत. मला या जंतूंवर काम करायचंय. आई म्हणते, गोव्यात घोडे किती, नि पोट कसं भरणार?)

आईचा प्रश्न रास्त आहे. फक्त घोड्यांच्या भरवशावर राहिलीस तर नोकऱ्या मोजक्याच. पण शिंगराच्या आतड्यात सापडणारा साल्मोनेला हा जंतू गाईला, कोंबडीला आणि माणसालाही सोडत नाही. तो प्रयोगशाळेत वाढवणं, कोणत्या औषधाला दाद देत नाही ते तपासणं, त्यामागचं जनुक शोधणं, ही कसबं सगळीकडे चालतात.

घोड्याचं पोट मात्र वेगळंच प्रकरण. त्याचा चारा मोठ्या आतड्यातले जंतू आंबवून पचवतात. प्रतिजैविकाने तेच मेले, तर क्लॉस्ट्रिडियमसारख्या घातक जंतूंना रान मोकळं मिळतं. म्हणजे औषधानेच हगवण लागू शकते. त्यात साल्मोनेला लिदीतून रोज पडत नाही, म्हणून एका नमुन्यावर न थांबता पाच-पाच तपासतात. अमेरिकेत केंटकीच्या फार्मांवर ऱ्होडोकॉकस नावाच्या जंतूच्या धास्तीने, वरवर ठणठणीत दिसणाऱ्या शिंगरांनाही वर्षानुवर्षं औषधं दिली गेली. हा जंतू मुख्यतः फुप्फुसाचा, पण आतडंही पोखरतो. शेवटी त्या औषधांना न जुमानणारे वाण तिथे पसरले. हे वाचून तुला चीड आली, तर विषय तुझाच.

आता वाट. शिंगरावर उपचार करायचे असतील तर बीव्हीएस्सी अँड एएच, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी: साडेपाच वर्षं, इंटर्नशिप धरून. देशभरातल्या १५ टक्के जागा ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर भरतात, बाकीचे नियम राज्यागणिक वेगळे. घर सोडायची तयारी ठेव. पुढे सूक्ष्मजीवशास्त्रात एमव्हीएस्सी ही पदव्युत्तर पदवी. घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र हरियाणात, हिसारला आहे.

नुसती प्रयोगशाळा हवी असेल तर बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, मग ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात एमएस्सी. घरापासून जवळ, खर्चही बेताचा. पण आजारी जनावराला कोणतं औषध द्यायचं हे ठरवायचा हक्क या वाटेने मिळत नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं. तुला तो हक्क हवाय असं मला वाटतं. म्हणून माझं मत पहिल्या वाटेला.

चवथीला मामा घरी येईल तेव्हा विचार, लिदीचं कल्चर, म्हणजे त्यातले जंतू वाढवून तपासणं, केलं होतं का? रिपोर्ट असेल तर मागून घे. त्यात औषधांच्या नावापुढे एस, आय, आर अशी अक्षरं असतात. आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. असे आर किती आहेत, मोज.