वीज नेपाळची, लाइन आपली

प्रश्न: नेपाळ आता आपल्याला वीज विकतो असं वाचलं. पेट्रोल-डिझेलसाठी आपल्यावर अवलंबून असलेला देश आता विकतोय म्हटल्यावर पारडं त्यांच्याकडे झुकलं का? की यातही चीन आहेच?
– एक वाचक, सांगली

उत्तर: चीन आहे, पण पारडं काही झुकलेलं नाही.

आधी 2015 आठवा. सप्टेंबरमध्ये नेपाळने नवं संविधान आणलं, भारताला लागून असलेल्या तराईच्या सपाट पट्ट्यात राहणाऱ्या मधेशी लोकांना ते पटलं नाही, आंदोलन पेटलं आणि सीमेवर टँकर अडकले. आपलं सरकार म्हणत राहिलं की आम्ही काही अडवलेलं नाही, तिकडच्या आंदोलनामुळे गाड्या थांबल्यात, पण हे नेपाळमध्ये फारसं कोणाला पटलं नाही, आणि एप्रिलच्या भूकंपातून न सावरलेले लोक भर थंडीत गॅस नाही म्हणून चुली पेटवत होते, हे तिथे कोणी विसरलेलं नाही. मार्च 2016 मध्ये तिथले तेव्हाचे पंतप्रधान के. पी. ओली बीजिंगला जाऊन ट्रान्झिटचा, म्हणजे चीनमधून माल ने-आण करण्याचा, करार करून आले आणि भारतविरोध हे तिथे मतं मिळवायचं खात्रीचं साधन झालं. गंमत बघा, त्याच ओलींनी 2019 मध्ये मोदींसोबत बिहारमधलं मोतिहारी ते नेपाळमधलं अमलेखगंज या डिझेलच्या पाइपलाइनचं उद्घाटन केलं! शेवटी हिमालय ओलांडून डिझेल आणणं परवडतं कोणाला?

आता वीज. नोव्हेंबर 2021 पासून नेपाळ आपल्या वीजबाजारात विकतोय, जानेवारी 2024 मध्ये 10 वर्षांत 10,000 मेगावॉटपर्यंत नेण्याचा करारही झाला. पण गावात एकच डेअरी असली की दूधवाल्याचं जे होतं तेच इथे, माल साठवता येत नाही आणि गिऱ्हाईक जवळजवळ एकच. पावसाळ्यात नद्या भरून वाहतात तेव्हा वीज विकावीच लागते, आणि कुठल्या प्रकल्पाची घ्यायची ते दिल्ली ठरवते. चिनी पैसा लागलेला नको, कंत्राटदार चिनी असला तरी फाइल अडते. त्यामुळे धरण कोणाकडून बांधून घ्यायचं हा काठमांडूचा घरचा निर्णयही आपल्याकडे बघून होतो, जे मला तरी करारातल्या आकड्यांपेक्षा मोठं वाटतं.

बांगलादेशला फक्त 40 मेगावॉट द्यायचे होते, तर ऑक्टोबर 2024 मध्ये तिघांनी मिळून सही करावी लागली कारण लाइन भारतातून जाते. आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की नेपाळ परत आपल्याकडूनच वीज विकत घेतो.