थर्मामीटर फुटून पारा सांडलाय, घर सोडायचं का? आणि माशातला पारा म्हणतात तो हाच का?

घर नका सोडू, ती खोली तेवढी सोडा. मी पुण्यात एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असतो, पारा सांडणं आमच्याकडे अधूनमधून होतंच. तुमची मुलगी 3 वर्षांची आहे म्हणता, तर तिला आधी बाहेर काढा, खोलीचं आतलं दार लावा, खिडक्या सताड उघडा, एसी बंद.

झाडू मारू नका, व्हॅक्यूम तर अजिबातच नको. झाडूने एका गोळीच्या पन्नास होतात आणि व्हॅक्यूम गरम होऊन पाऱ्याची वाफ खोलीभर सोडतो. हातमोजे घाला, आणि त्याआधी बोटातली सोन्याची अंगठी काढून ठेवा, कारण पारा सोन्याला लागला की सोडत नाही, अंगठी पांढरीफटक पडते आणि मग सोनार ती तापवून पारा उडवणार म्हणजे वाफ त्याच्या नाकात. दोन जाड कार्डांनी गोळ्या हळूहळू एकत्र ढकला, ड्रॉपरने उचला, घट्ट झाकणाच्या बाटलीत टाका. मग लाईट घालवून मोबाईलचा टॉर्च फरशीलगत आडवा धरा, फटींमध्ये राहिलेले कण चमकतात, ते चिकटपट्टीने उचला. फटीत अगदी खोल गेला असेल तर मार्केट यार्डात शेतीच्या दुकानात गंधकाची पावडर मिळते, ती भुरभुरवली की पाऱ्याचं हळूहळू काळं सल्फाइड होतं आणि त्याची वाफ होत नाही. पलंगाखाली, गादीच्या शिवणीत नक्की बघा, तिथेच राहतो नेहमी.

एवढं का करायचं, तर थर्मामीटरमध्ये पारा जेमतेम अर्धा-एक ग्रॅम असतो पण तो साध्या तापमानालाही उडत राहतो, वास नाही, रंग नाही, आणि श्वासातून आत गेलेल्या वाफेतली जवळजवळ 80 टक्के रक्तात उतरते. गंमत म्हणजे तोच पारा पोटात गेला तर 0.01 टक्काही शोषला जात नाही, शौचावाटे निघून जातो. म्हणजे मुलीने गोळी गिळली असेल तर पाऱ्यापेक्षा काचेची काळजी जास्त, डॉक्टरांना दाखवा पण धाय मोकलून रडायची गरज नाही. लगेच नीट गोळा केलात तर एका थर्मामीटरने सहसा काही होत नाही. महिनोन् महिने कार्पेटखाली राहिला तर मात्र हात थरथरणं, चिडचिड, झोप उडणं, किडनीचा त्रास असं सुरू होऊ शकतं, लहान मुलांना जास्त कारण ती जमिनीलगतच खेळतात.

बाटलीवर ‘पारा’ लिहून कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात वेगळी द्या आणि काय आहे ते तोंडानेही सांगा. घनकचरा नियमांत फुटलेला थर्मामीटर वेगळा द्यायच्या कचऱ्यात येतो, ओल्या-सुक्यात टाकायचा नाही. बेसिनमध्ये तर नाहीच नाही, पाण्याच्या साडेतेरा पट जड असल्यामुळे पाइपाच्या वळणात जाऊन बसतो.

आता मासे. तो पारा हा नव्हे, पण मूळ एकच. हवेत पारा सोडणाऱ्यांत जगभरात पहिला नंबर छोट्या सोन्याच्या खाणींचा (तेच अंगठीचं प्रकरण, फक्त टनांच्या हिशोबाने), मग कोळसा जाळणं. तो पाण्यात उतरतो, गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल मर्क्युरी करतात आणि हा प्रकार पोटातून जवळजवळ सगळाच शोषला जातो, मेंदूत जातो, गर्भातल्या बाळापर्यंत पोचतो. जपानमध्ये मिनामाताला कारखान्याने तो थेट खाडीत सोडला, आधी मांजरं झटके येऊन मेली, मग 1956 मध्ये माणसांतला आजार उघड झाला. छोट्या माशाला मोठा खातो तसतसा तो साठत जातो, म्हणून मोरी म्हणजे शार्कमध्ये भरपूर. आमच्या कोकणातल्या नातेवाइकांत बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुद्दाम मोरीच देतात, ते मला पटत नाही, गरोदरपणी आणि बाळ अंगावर पीत असताना मोरी टाळाच. सुरमई कधीतरी ठीक. बांगडा, तारली, मांदेली मुलीलाही बिनधास्त द्या.