खुर्च्या चौदा, बसायला उंबरा

मावशी,

आमचं घर गोव्यात, फोंड्याच्या बाजूला आहे, जुनं, चौकाचं, वर माडी. माझं वय ५३. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यांची खोली आहे तशीच आहे. धाकट्या दिरांनी कुवेतला जाताना ठेवलेली सहा खोकी आहेत. मुलाची इंजिनिअरिंगची पुस्तकं आहेत, तो बेंगळुरूला. वन्संच्या लग्नातल्या भांड्यांचा पेटारा आहे. त्या मडगावला असतात, लग्नाला ३१ वर्षं झाली. मामंजींची पोर्तुगीज काळातल्या कागदांची ट्रंक आहे. यंदा चवथीला माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायची, चौकट काढायला माळ्यावर चढले आणि तिथेच बसून रडले. आमचे हे म्हणतात, "असू दे, खायला मागतं का?" वन्सं म्हणतात, "आईचं काही हलवू नकोस." मला मात्र वाटतं, एकदाचा टेम्पो आणावा, सगळं भरून द्यावं, घर मोकळं करावं आणि मीही नव्याने जगायला लागावं. असं वाटणं पाप आहे का? हे पत्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून लिहितेय. घरात खुर्च्या चौदा आहेत, पण रिकामी एकही नाही.

एक वाचक भगिनी

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेतली आणि प्रत्येक वस्तूपुढे मालकाचं नाव लिहीत गेले. सासूबाई, दीर, मुलगा, वन्सं, मामंजी. यादी संपली तरी तुमचं नाव आलं नाही. तुम्ही भेटलात शेवटच्या ओळीत, उंबऱ्यावर. लहानपणी आपण उंबऱ्यावर बसलो की आजी पाठीत धपाटा घालायची, आठवतंय ना?

तुम्ही त्या घराच्या कोठारी झाला आहात, तेही बिनपगारी. ज्याला जे ठरवता आलं नाही ते त्याने तुमच्या ताब्यात दिलं आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. त्यावरची धूळ पुसायची तुम्ही, पावसाळ्यानंतर उन्हात घालायचं तुम्ही, डांबरगोळ्या बदलायच्या तुम्ही. "खायला मागतं का?" म्हणणाऱ्या यजमानांना सांगा, मागतं. तुमचे दिवस खातंय.

तेव्हा पाप वगैरे डोक्यातून काढून टाका. टेम्पो मात्र आणू नका. मी एकदा आणला होता.

आई गेली त्या वर्षी बार्देशातलं तिचं घर मी दोन दिवसांत रिकामं केलं. दोन टेम्पो भरले. फार हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू, चांगलं महिनाभर वाटलं. मग राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, वर्षाचा रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, द्यायची वेळ आली. रोट केवढ्या पिठाचा, नारळ किती, कुणाच्या हातून पाठवायचा, हे आईने स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवलं होतं. कॅलेंडर दहा वर्षांपूर्वीचं, तेलकट, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. पहिल्याच टेम्पोत मीच ते टाकलं होतं, आणि टाकताना मनात म्हटलं होतं, काय ही बाई, जुनं कॅलेंडरसुद्धा टाकत नाही! आता आम्ही रोट अंदाजाने देतो. राखणदार सांभाळून घेतो. भाऊ मात्र दर वर्षी न चुकता आठवण करून देतो.

मोबाइलवर ते व्हिडिओ येतात ना, वस्तू हातात घ्या, आनंद होतो का बघा, होत नसेल तर निरोप द्या. मीही बघते, बघायला बरं वाटतं. पण सासूबाईंच्या कपाटात हात घातला की पहिली सापडते ती डबीतली कवळी. तिला काय विचारायचं? शिवाय त्या व्हिडिओंतल्या घराला मालक एक असतो. आपल्याकडच्या घरात एकेका पितळी तांब्याला चार मालक.

आणि हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. सासूबाईंमागे वाटणी झाली आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. झाली नसेल तर एवढं लक्षात घ्या: १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आपल्या गोव्यात मुलगा आणि मुलगी वारसाला सारखी. वारसा आणि इन्व्हेंटरीचा, म्हणजे वाटणीसाठी मालमत्तेची मोजदाद करण्याचा, आताचा कायदा २०१२ चा, तो २०१६ साली लागू झाला, त्यातही तेच आहे. म्हणजे वन्संचा वाटा दिरांच्या वाट्याएवढाच, आणि तो नुसता भिंतींचा नाही. सोनं, भांडी, लाकडी सामान, सगळं इन्व्हेंटरीच्या यादीत येतं. तुमचा टेम्पो फाटकाबाहेर पडला असता तर तुमचं घर मोकळं झालं असतं आणि नणंदेचं तोंडही.

त्याच कायद्याची दुसरी बाजू मात्र तुम्हाला कुणी सांगितली नसेल. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर गोव्याच्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, वारशाने आलेलीसुद्धा. यजमानांना जे मिळेल त्यात निम्म्या तुम्ही. कागदपत्रं वकिलाला एकदा दाखवून घ्या. पण "काही हलवू नकोस" हे यापुढे खाली मान घालून ऐकायचं कारण नाही. त्या घरात तुम्ही वाटेकरीण आहात, राखण करायला ठेवलेली बाई नव्हे.

आता ज्याचं त्याला. दिरांच्या सहा खोक्यांचे फोटो काढा, घरच्या ग्रुपवर टाका आणि लिहा: "भावजी, ही तुमची खोकी. सुट्टीवर याल तेव्हा दोन दिवस यासाठी ठेवा. तोवर आतलं काही खराब झालं तर त्याची जबाबदारी माझी नाही." पुढे हात जोडल्याचं चिन्ह टाकू नका. मुलाला फोन करून विचारा, पुस्तकं हवीत का. तो "असू दे" म्हणेल, बापाचाच मुलगा. "असू दे" हे उत्तर धरू नका. हवीत तर पुढच्या फेरीला घेऊन जायची, नकोत तर एखाद्या गरजू विद्यार्थ्याला. एवढ्यात हे दोघं निपटतात.

वन्संचं तसं होणार नाही. त्यांच्यावर तुमचा राग आहे, तो पत्रातही दिसतो, आणि ३१ वर्षं पेटारा सांभाळणाऱ्या कुणालाही येईल. पण थोडं त्यांच्या बाजूने बघा. भावांना घर आहे. वन्संच्या वाट्याला माहेर म्हणून उरली आहे ती एक खोली, वर्षातून एकदा चवथीला येऊन दारात उभं राहण्यापुरती. ती खोली तुम्ही आवरायला घेतलीत की त्यांना वाटणार, आता तिथून आपणही निघालो. म्हणून त्यांना पेटारा न्यायला बोलावू नका. जेवायला बोलावा, एखाद्या रविवारी, एकटीला. जेवण झालं की दोघींनी मिळून सासूबाईंचं कपाट उघडायचं. एकच कपाट.

लुगडी एकेक करून बाहेर काढा. जरीचं असेल ते सावकाश उलगडा; वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम नेमकं घडीवरच चिरतं. हातात दोन तुकडे आले तर दचकू नका, ते आधीच गेलेलं होतं. वन्सं बोलायला लागतील: हे बारशाचं, हे मंगेशीच्या जत्रेला नेसलेलं, हे आईला कधी आवडलंच नाही. बोलू द्या. त्यांना हवं ते एक-दोन नेऊ द्या. सुती, मऊ झालेली नऊवारी असतील त्यांच्या गोधड्या शिवून घ्या, एक मडगावला, एक तुम्हाला. कवळी, संपलेली औषधं, तुटका चष्मा, हे वन्संच्या समोरच बाजूला काढा. त्या काही म्हणणार नाहीत. म्हणतील असं आपल्यालाच वाटत असतं.

त्या कपाटात आणखी एक गोष्ट शोधायला सांगते. सासूबाईंची म्हणून जी खोली तुम्ही जपताय, तिच्यातलं त्यांच्या स्वतःच्या आवडीचं किती निघतं ते बघा. माझा अंदाज, फार थोडं. बाकीचं त्यांच्या सासूचं, जावेचं, कुणाकुणाचं ठेवायला दिलेलं. त्यासुद्धा कोठारीच होत्या, ताई. त्यांनी हौसेने घेतलेली एखादी फणी, जत्रेतला आरसा, असं काही सापडलं तर ते खोलीत दिसेल असं मांडा. माझ्या मते एवढं स्मारक पुरे.

मामंजींची ट्रंक अगदी शेवटी घ्या, आणि त्यातला एकही कपटा जाळू नका. वाचता येत नाही म्हणून पोर्तुगीज कागद बंबात घातलेली घरं मी पाहिली आहेत, आणि नंतर भाटाच्या, म्हणजे माडांच्या बागायतीच्या, हद्दीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी तीच माणसंही. १९६१ पूर्वीची, पोर्तुगीज अमलातली एखादी एस्क्रितुरा म्हणजे दस्त, घरपट्टीची जुनी पावती, मोडीतली चिठ्ठी, यांतलं कुठलं कधी कामाला येईल सांगता येत नाही. गंजलेल्या टाचण्या काढा, रबरबँड काढा, कागद सावलीत वाळवा, प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. लॅमिनेशन करू नका, जुना कागद त्यात कायमचा अडकतो. पोर्तुगीज वाचणारं जुनं माणूस अजून गावोगाव सापडतं. त्यांच्याकडून कागद कशाचा आहे एवढं पाठीमागे पेन्सिलीने लिहून घ्या. पेनाने नको.

घर आवरायला काढलंय ही बातमी गावात फिरली की एक माणूस येईल. "बाय, मोडकं लाकूड असेल तर द्या, तुमचीच अडचण कमी होईल." त्याच्या हातात लगेच काही देऊ नका. शिसमाच्या खुर्चीचं वेत तुटलं म्हणजे खुर्ची मोडली असं होत नाही, वेत नव्याने विणून मिळतं. आणि माळ्यावर शेतीची जुनी अवजारं, मापं असतील तर एकदा बाणावलीचं 'गोवा चित्रा' संग्रहालय बघून या. आपल्या माळ्यावरच्यासारख्याच वस्तू लोक तिथे तिकीट काढून बघतात. ठेवायलाच हव्यात असं नाही, पण देताना काय देतोय ते तरी ठाऊक असावं.

हे सगळं आत्ताच सुरू करू नका. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो जाऊन हवा कोरडी व्हायला दिवाळी उजाडते. दमट हवेत ट्रंका उघडल्या तर बुरशीच घरभर होईल. तोपर्यंत दिवाळीच्या पहाटे जाळायचा नरकासुराचा पुतळा करणारी पोरं वर्गणीला येतील, त्यांना त्याच्या पोटात भरायला फाटके कपडे आणि जुनी वर्तमानपत्रं द्या. प्लास्टिक आणि तुटक्या वायरी देऊ नका, पहाटे तो धूर सगळं गाव खातं.

आज मात्र एक काम करा. चौदांपैकी एक खुर्ची रिकामी करा, खिडकीजवळची. तिच्यावरचं सामान बाकीच्या तेरा खुर्च्यांवर ढकललंत तरी चालेल, मी काही बोलणार नाही. रोज अर्धा तास तिथे बसायचं. काय करायचं ते ठरवायची घाई नको. वाचा, भाजी निवडू नका, बाहेर बघा. कुणी इस्त्रीचे कपडे आणून ठेवले तर उचलून ज्याचे त्याच्या बिछान्यावर. घर रिकामं झालं की आपण नव्या होऊ असं तुम्हाला वाटतंय. माझं झालं नव्हतं. दोन टेम्पो गेल्यावर रिकाम्या खोलीत मी आधीचीच उभी होते, फक्त बसायला काही उरलं नव्हतं. म्हणून तुम्हाला आधी खुर्ची सांगतेय.

आणि माटोळीची चौकट आहे तिथेच, माळ्यावरच राहू दे. पुढच्या चवथीला ती उतरवायला यजमानांना चढवा. शिडी तुम्ही धरा.

तुमची,
मावशी