उंदरांवर चाललेलं नसदुखीचं औषध सोलापुरात मिळेल का?

प्रश्न असा: यंत्रमागावर काम करणाऱ्या वडिलांच्या पायाची नस दुखावलीय, नुसती चादर लागली तरी कळ येते, उंदरांत रिसेप्टर (पेशीवरचा, संदेश पकडणारा रेणू) अडवून अशी वेदना थांबवली, ते औषध इथे मिळेल का?

अजून नाही. पण मामला भारी आहे. नसेला इजा झाली की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी चवताळतात आणि त्यांच्यावर पी-२-एक्स-४ हे रिसेप्टर वाढतात. मग साधा स्पर्शसुद्धा मेंदूला कळ वाटतो. २००३ मध्ये उंदरांत हे रिसेप्टर अडवल्यावर ती कळ ओसरली. आता उंदीर काही 'दुखतंय' म्हणत नाही. पंजाला बारीक तंतू टेकवायचा, तो पाय कधी झटकतो ते बघायचं. गोम इथेच आहे: पाय झटकणं म्हणजे माणसाचं दुखणं नव्हे. एनके-१ रिसेप्टर अडवणारी औषधंही प्राण्यांत चालली, माणसांत दुखण्यावर फेल गेली.

आपल्या शेंगाचटणीतली मिरची ज्या टीआरपीव्ही-१ रिसेप्टरवर झोंबते, त्याचा मात्र उपयोग झाला: कॅप्सेसिनचा ८ टक्क्यांचा पॅच काही नसदुख्यांवर वापरतात. (म्हणून चटणी चोळू नका, प्लीज!)

सध्या नसदुखीवर गॅबापेंटिन, प्रीगाबालिन ही औषधं आहेत, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. पाय लुळा वाटला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी.